माळवदी वाड्यातली वाळवी: शोध, ओळख आणि बंदोबस्त

वाळवीबद्दलचे बहुतेक सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात: माती खाली, घर वर. वाळवी जमिनीतून चढते, म्हणून जमिनीत औषध भरा, काम झालं. लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या माळवदी घरात, म्हणजे लाकडी छतावर मातीचा जाड थर असलेल्या घरात, हे पुरत नाही. इथं माती पायाखाली आहे, दोन-अडीच फुटी दगडी भिंतीच्या पोटात आहे आणि डोक्यावर माळवदातही आहे. घरातलं सगळं लाकूड, म्हणजे खांब, तुळया, कड्या (तुळयांवरची आडवी लाकडं), किलचण (कड्यांवरचं, मातीखालचं लाकडी अस्तर), या तीन मातींच्या मध्ये अडकलेलं असतं. औसा तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात आम्ही काम केलं, त्याचा क्रम मापांसकट इथं देतो आहोत. वाड्यामागं नंतर बांधलेली स्लॅबची खोलीही त्यात धरली आहे, कारण तिथं वाळवीची वाट वेगळी असते.

तपासणी दिवाळीनंतर धरली. भर पावसाळ्यात जमीन पाण्यानं भरलेली असते, औषध मुरत नाही; उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि ओतलेलं औषध भेगेतून सरळ खोल निघून जातं. कार्तिक ते माघ या दिवसांत माती ओलसर पण मोकळी असते. वरच्या माळवदाचं काम मात्र मृगाआधी, माती कोरडी असताना करायचं. त्यामुळं असं काम दोन टप्प्यांतच होतं. एका दिवसात सगळं उरकून देतो म्हणणाऱ्याला माळवद कळलेलं नाही, असं खुशाल समजावं.

आधी बाहेरून फेरी

वाळवी आत दिसत असली तरी तिचं पाणी बहुतेक वेळा बाहेरून येतं. म्हणून पहिली फेरी भिंतीबाहेरून, जोत्याला लागून. बघायचं काय? जोत्याच्या दगडांमधल्या सांध्यांवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या, पन्हाळीचं पाणी पडतं ती जागा, न्हाणीचं सांडपाणी कुठं जातं ते, तोडलेल्या झाडाचा जमिनीत राहिलेला बुंधा, आणि भिंतीला टेकवून रचलेलं सरपण. मराठवाड्यात हे शेवटचं कारण फार मोठं आहे. तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या वर्षभराच्या जळणासाठी मागच्या भिंतीला रचून ठेवतात. त्या ढिगाखाली सावली, ओल आणि खाणं तिन्ही एकत्र मिळतं. या वाड्यातही पऱ्हाट्यांचा ढीग हलवल्यावर मागच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत नळ्यांचं जाळं निघालं. ढिगानं झाकलेलं असल्यामुळं ते घरातल्या कुणाच्या नजरेला पडणं शक्यच नव्हतं.

नळ्या लगेच खरवडून टाकायच्या नाहीत. घरच्या बाई खराटा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना सांगावं लागलं, “मावशी, राहू द्या ते. कुठून कुठं गेलीय ते आधी खडूनं आखून घेऊ.” नळी म्हणजे वाळवीच्या वाटेचा नकाशा. शिवाय पुढं जे औषध वापरायचं असतं, ते वाळवीनं अंगावर घेऊन आपल्या वसाहतीत नेणं अपेक्षित असतं. वाट आधीच मोडली तर ती दुसरीकडून फिरते आणि आपल्याला पुन्हा शोधत बसावं लागतं.

नळी चालू आहे की जुनी, हे कळण्यासाठी मधला दोन बोटं तुकडा मोडायचा आणि शेजारी तारीख लिहायची. एक-दोन दिवसांत तो ओल्या मातीनं सांधला गेला तर वसाहत चालू आहे. जुनी नळी कोरडी, ठिसूळ असते, बोटानं भुगा होते. मात्र तुकडा सांधला नाही म्हणजे वाळवी गेली असं धरायचं नाही. तिनं वाट बदललेली असू शकते. म्हणून एका भिंतीवर किमान तीन-चार ठिकाणी ही खूण करतो.

आतली तपासणी

सामान अगदी साधं: चांगल्या उजेडाची टॉर्च, लाकडी हातोडी, दाभण किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर, लाकडातली ओल मोजायचं मीटर, खडू, आणि स्पिरिटची छोटी बाटली. टॉर्चचा उजेड समोरून नाही, भिंतीला आणि लाकडाला समांतर टाकायचा. तसा टाकला की रंगाखालचे फुगवटे आणि बारीक उंचवटे सावलीनं उठून दिसतात.

लाकूड ठोकायला तळापासून सुरुवात करायची. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बसका. पण आवाजावर निकाल द्यायचा नाही. जुन्या खांबात खोबणी, जोड, मातीनं भरलेल्या भेगा असतात आणि त्यांचाही आवाज बसकाच येतो. म्हणून शंका आली तिथं दाभण दाबून बघायचं. सागाच्या गाभ्यात दाभण जेमतेम टेकतं; पोखरलेल्या लाकडात बोटभर आत जातं आणि ओढताना टोकाला माती लागते. ओलाव्याचं मीटर १८ ते २० टक्क्यांच्या वर गेलं की तिथं पाणी कुठून येतंय ते शोधायचंच. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत छपराखालचं लाकूड एरवी याच्या बरंच खाली असतं, त्यामुळं एवढा आकडा आपोआप येत नाही.

माळवदी घरात पाच जागा सोडून चालत नाही. खांबाचं तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकलेलं बूड, भिंतीत गाडलेले खांब, चौकटीचे पाय, तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक, आणि पन्हाळीखालचं किलचण. या वाड्यात ढेलजेतले आणि सोप्यातले उघडे खांब जवळपास निर्धोक निघाले, कारण तळखडा जमिनीपासून वीतभर वर होता आणि चारी बाजूंनी हवा होती. जुन्या सुतारांनी तळखडा उगीच दिलेला नाही. लाकूड आणि जमीन यांच्यामध्ये दगड घातला की वाळवीला उघड्यावर नळी बांधावी लागते आणि ती दिसते. जिथं नंतर फरशी घालताना जमीन उंच केली आणि तळखडा फरशीत बुडाला, तिथलेच खांब बुडाशी खाल्लेले होते. माजघरातले भिंतीत गाडलेले खांब जास्त गेलेले होते. पण सगळ्यांत वाईट अवस्था उत्तरेकडच्या पन्हाळीजवळच्या तुळईच्या टोकाची होती.

ते टोक समजून घेण्यासारखं आहे. पन्हाळीचा सांधा गळत होता. ते पाणी माळवदाच्या मातीत मुरून किलचणात आणि तिथून तुळईच्या टोकात उतरत होतं. जमिनीवरून आलेल्या वाळवीला ओलाव्यासाठी पुन्हापुन्हा खाली जावं लागतं. वर कायमची ओल मिळाली की काही जाती वरच मुक्काम करतात. अशा वेळी खाली कितीही औषध भरलं तरी वरची वाळवी जगते. फरशीत भोकं पाडून औषध भरलं आणि वर्षभरात वाळवी परत आली, अशी तक्रार माळवदी घरांतून येते तेव्हा सगळ्यांत आधी पन्हाळ बघावी.

कीड कोणती, हे आधी ठरवायचं

‘लाकडाला कीड लागली’ एवढ्यावर औषध आणायचं नाही. मराठवाड्यातल्या घरात मुख्यतः दोन प्रकार भेटतात: जमिनीतली वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे. दोघांचा इलाज निराळा आहे आणि एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही.

वाळवी असेल तर माती सापडते. पोखरलेल्या जागेत मातीचं अस्तर असतं, लाकडाचा मऊ भाग खाल्लेला आणि कठीण भाग पापुद्र्यांसारखा उरलेला असतो. बाहेर पीठ पडत नाही. भुंगेरा असेल तर माती अजिबात नसते. लाकडावर गोल भोकं असतात आणि खाली पीठ पडतं. ते पीठ चिमटीत चोळायचं. मैद्यासारखं मऊ असेल आणि भोकं १ ते २ मिलिमीटरची असतील तर तो लिक्टस. रव्यासारखं खरखरीत आणि भोकं ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असतील तर सायनोझायलॉनच्या कुळातला भुंगेरा. बांबूतून पीठ पडत असेल तर बहुधा डायनोडेरस. आणि अंगठ्याएवढं मोठं, गुळगुळीत, गोल भोक दिसलं, भोवती काळा मोठा भुंगा घिरट्या घालत असला, तर ती लाकडात घरटं करणारी सुतारमाशी. ती लाकूड खात नाही. जमिनीशी संबंध नसलेली, कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही असते. तिच्या विष्ठेचे सहा कडांचे बारीक दाणे भोकाखाली साचतात. पण ती दमट किनारपट्टीकडची. आपल्याकडं दिसलीच तर बहुधा तिकडून आणलेल्या जुन्या फर्निचरमध्ये.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, त्यात मुंग्याही असतात आणि वाळवीही. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान; कंबर बारीक, मिशा कोपरातून वळलेल्या. दिव्याखाली बाहेरून आलेले किडे सापडले तर घाबरायचं कारण नाही. पण बंद खोलीत, चौकटीच्या खाली किंवा भिंतीच्या कडेला गळलेल्या पंखांचा ढीग दिसला, तर ते घरातूनच निघालेत असं धरून शोध घ्यायचा.

वाळवी कोणत्या जातीची, हेही बघून ठेवतो. नळी मोडल्यावर मोठ्या डोक्याचे, जबड्यांचे सैनिक बाहेर येतात. त्यांतले काही स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे आणि एकाला काडीनं डिवचून बघायचं. डोक्यातून दुधाळ पांढरा चीक आला तर कॉप्टोटर्मिस. वर ओल मिळाली की भिंतीत, लाकडात मुक्काम ठोकणारी जात हीच. पांढरा चीक नसेल, डाव्या जबड्यावर दात दिसत असेल, बाहेर शेताच्या बांधाला वारुळं असतील तर बहुधा ओडोन्टोटर्मिस. ही बुरशीची शेती करणारी वाळवी. मुख्य घर जमिनीत खोल. हा भेद उपचार निवडताना उपयोगी पडतो. बाजारात आता वाळवीसाठी आमिषाची पेटी मिळते. त्यातलं औषध वाळवीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं आणि हळूहळू वसाहत मरते. कॉप्टोटर्मिसवर ती चांगली चालते. बुरशी पाळणाऱ्या ओडोन्टोटर्मिसवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. या वाड्यात भिंतीत आणि मागच्या अंगणात ओडोन्टोटर्मिस होती, उत्तरेच्या तुळईत कॉप्टोटर्मिस. म्हणून एकाच औषधावर सगळं सोडून दिलं नाही.

औषध आणि माप

इमारतीतल्या वाळवीसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ आहे. त्याचा तिसरा भाग आधीच बांधलेल्या घरांसाठी आहे. आम्ही मातीसाठी इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी (पाण्यात मिसळायचं दाट द्रव औषध) वापरलं, १ लिटर पाण्यात २.१ मिली. यानं द्रावण ०.०७५ टक्क्यांचं होतं. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात दुधाळ होणारं तेलकट औषध) असेल तर १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी, म्हणजे १ टक्का. पण त्याला उग्र वास असतो आणि राहत्या घरात आम्ही ते टाळतो. इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही. ती त्या मातीतून जाते, अंगावर घेते आणि एकमेकींना चाटताना, भरवताना ते पसरतं. झुरळांचा स्प्रे नळीवर मारला तर उलटं होतं: समोरच्या काही मरतात, बाकीच्या मागे फिरतात आणि तीन फुटांवरून नवी नळी निघते. दुकानात ‘लगेच मरतं’ म्हणून जे मिळतं, ते या कामाला नको.

जुन्या घरांत माळ्यावर कधी कधी बीएचसीची किंवा एल्ड्रिनची पावडर अजून सापडते. ‘पूर्वी हीच टाकायचो’ म्हणून घरचे ती काढून देतात. एल्ड्रिनवर १९९६ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये देशात बंदी आली. ती वापरायची नाही, उकिरड्यावर किंवा नाल्यातही टाकायची नाही. घट्ट बंद करून, नाव लिहून, मुलाबाळांपासून लांब ठेवायची आणि कृषी कार्यालयात विचारून विल्हेवाट लावायची. आणि दुसऱ्याच्या घरात पैसे घेऊन असं काम करणाऱ्याकडं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना असावा लागतो. तो घरमालकानं मागून बघावा.

काम सुरू करण्याआधी घरातलं धान्य, भांडी, पिण्याचं पाणी बाहेर. पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) असेल तर ते आणि त्याच्या भोवतीची जमीन पूर्ण सोडायची. या वाड्याच्या चौकात आड आहे. त्याच्याकडच्या भिंतीच्या पायात आम्ही एक थेंबही ओतला नाही. तिथं फक्त लाकडावर बोरिक आम्ल-बोरॅक्स आणि आमिषाच्या पेट्या. औषध हाताळताना रबरी हातमोजे, गमबूट, मास्क, चष्मा. द्रावण त्या दिवशी लागेल तेवढंच करायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचं नाही.

बाहेरचा पाया

मानकाप्रमाणे पायाच्या उभ्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण द्यायचं, ५०० मिलिमीटर खोलीपर्यंत. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला ३.७५ लिटर. वाड्याचा बाहेरचा घेर ४२ मीटरच्या आसपास. पूर्ण घेराला साधारण १५८ लिटर द्रावण आणि ३३१ मिली औषध लागलं असतं. आडाकडची बाजू सोडल्यामुळं त्याहून कमी लागलं.

पुस्तकात ‘चर खणा’ एवढंच लिहिलेलं असतं. दगड-मातीच्या भिंतीला एका दमात लांब चर खणला तर पायाची बाजूची माती सुटते आणि भिंत सरकू शकते. म्हणून तीन-चार फुटांचा तुकडा खणायचा, कुदळीच्या पात्याएवढा रुंद, पायाच्या तळाच्या खाली कधीच न जाता. पहारीनं दर १५० मिलिमीटरवर भोकं करायची, औषध ओतायचं, काढलेली माती परत भरताना तिच्यावरही औषध मारत थर दाबायचे आणि मगच एक तुकडा सोडून पुढचा धरायचा. उघडा चर रात्रभर ठेवायचा नाही.

वाडा गावठाणाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीवर, आहे आणि पांढरी माती औषध झटकन पिते. मागची स्लॅबची खोली मात्र काळ्या मातीच्या भरावावर उभी होती. तिथं एका वेळी ओतलेलं औषध वर तरंगून राहतं आणि वाहून जातं. काळ्या मातीत एकाच भोकाला दोन-तीन वेळा, मधे अर्धा-पाऊण तास सोडून थोडं थोडं द्यायचं. भेग असेल तर आधी तिच्यात बारीक मुरूम भरून घ्यायचा, नाहीतर पूर्ण लिटर पाताळात जातं आणि भिंतीजवळची माती कोरडीच राहते.

आतली जमीन, भिंत आणि लाकूड

जमीन आणि भिंत जिथं मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरवर एक, प्रत्येक भोकात जास्तीत जास्त १ लिटर. १२ बाय १५ फुटांच्या माजघराचा घेर १६.५ मीटर, त्याला ५५ भोकं, ५५ लिटर द्रावण आणि साधारण ११५ मिली औषध. शहाबादी फरशी असेल तर भोक फरशीत नाही, सांध्यात पाडायचं; फरशीवर ड्रिल धरलं की ती तडकते. सांध्यातून औषध फरशीखालच्या मुरुमात पसरतं, पण कधी कधी फरशी पोकळ असते आणि तीन लिटर ओतलं तरी भोक भरत नाही. तिथं ओतत बसायचं नाही. ती फरशी उचलायची आणि खाली भराव करून मगच द्यायचं.

सारवलेल्या जमिनीवर नुसती फवारणी करू नये. वर मारलेलं औषध पुढच्या सारवणात हाताला लागतं आणि मुलं त्याच जमिनीवर खेळतात. पहारीनं वीतभर खोल भोक, आत औषध, वर मातीचा बोळा, आणि पूर्ण वाळल्यावर सारवण.

भिंतीत जोत्याच्या वर ४५ अंशांच्या उतारानं, ३०० मिलिमीटरवर भोकं पाडून औषध द्यायचं आणि तिथंही १ लिटरपर्यंत जायचं, असं मानक सांगतं. विटा-सिमेंटच्या भिंतीला ते बरोबर आहे. मातीच्या सांध्याच्या भिंतीत इतकं पाणी घातलं तर सांध्यातली मातीच मऊ होते. आम्ही एका भोकाला पाव लिटरवर थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव लिटर देतो. खालून पाणी झिरपताना दिसलं तर ती भिंत आठवडाभर सोडून देतो.

चौकट आणि भिंतीच्या सांध्यात ६ मिलिमीटरची तिरपी भोकं, प्रत्येकी अर्ध्या लिटरपर्यंत. खुद्द लाकडात ३ मिलिमीटरची भोकं, दर १५० मिलिमीटरवर, गाभ्यापर्यंत, समोरून दिसणार नाहीत अशा बाजूनं. लाकडात पाण्यातलं नाही, तेलात किंवा रॉकेलमध्ये केलेलं औषध सिरिंजनं भरायचं. ते तंतूंतून पसरतं आणि लाकूड फुगत नाही. ते भरल्यावर काही दिवस त्या खोलीत चूल, समई, उदबत्ती काहीही पेटवायचं नाही. देवघराच्या चौकटीच्या वेळी हे दोनदा सांगावं लागतं. भोकं शेवटी मेणानं किंवा लाकडी खुंटीनं बंद करायची, फरशीतली सिमेंटनं. उघडी राहिलेली भोकं म्हणजे धुण्याच्या पाण्याला पायापर्यंत जायची सोय.

स्लॅबच्या खोलीत लाकूड फारसं नव्हतं, पण भिंतीला चिकटवलेली प्लायवुडची कपाटं मागून पूर्ण खाल्लेली होती. वाळवी तीन वाटांनी आली होती: नळाच्या पाइपाभोवतीची फट, लाईटच्या वायरींचे पाइप, आणि जुन्या दगडी भिंतीशी नवी भिंत नुसती टेकवलेली असल्यामुळं राहिलेला उभा सांधा. हा सांधा मराठवाड्यात घरोघर आहे. ड्रिल लावण्याआधी त्या खोलीची लाईन बंद करून वीज दुसऱ्या खोलीतून घेतली आणि जमिनीखालून पाइप कुठं गेलेत ते विचारून आखून घेतलं. कपाटं नवी करताना भिंतीपासून दोन बोटं अंतर आणि खाली दगडी किंवा स्टीलचे पाय.

माळवद उघडताना

दुसरा टप्पा उन्हाळ्यात. खाल्लेल्या तुळईला हात लावण्याआधी वरचं वजन समजून घ्यायला हवं. पांढऱ्या मातीचा एक फुटी थर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५०० किलो भरतो. ३ बाय २ मीटरचा एक खण म्हणजे पावणेतीन-तीन टन. दरवर्षी मृगाआधी गळतीवर नवी माती टाकत गेल्यानं हा थर वाढत जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड माळवदांनी आणि दगड-मातीच्या भिंतींनी माणसं गाडली. याच तालुक्यात ते वेगळं सांगायला नको. म्हणून क्रम ठरलेला: आधी तुळईच्या दोन्ही बाजूंना टेकू, टेकूखाली जाड फळी, मग वरची जादा माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवणं, आणि त्यानंतरच लाकूड. माती एकाच बाजूनं उतरवली तर उरलेला भार खाल्लेल्या टोकावर येतो.

टोकाभोवतीची माती दोन-अडीच फूट काढली, किलचण उचललं आणि लाकूड आठवडाभर उन्हात वाळू दिलं. त्यातच आतली ओली घरटी उघडी पडली. आमचा ठोकताळा असा: दाभणानं तपासून तुळईचा एक तृतीयांशापेक्षा जास्त छेद गेलेला असेल तर टोक वाचवायच्या मागं लागायचं नाही. इथं ते गेलेलंच होतं. खाल्लेला भाग कापून सागाच्या गाभ्याचा जोड लांब तिरप्या सांध्यानं आणि बोल्टनं दिला. किनवट-माहूरकडचा साग असला तरी बाहेरचा पांढुरका भाग तासून टाकावाच लागतो. कीड लागते ती त्याला, गाभ्याला सहसा नाही.

उरलेल्या लाकडाला बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचं द्रावण: १० लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम बोरिक आम्ल आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे ५ टक्के. ब्रशनं तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा, टोकाच्या आडव्या छेदावर दुप्पट. हे पाण्यानं धुऊन जातं, म्हणून गळती थांबवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. भिंतीत परत बसवताना टोकाभोवती माती ठासायची नाही. दगडाच्या चिपा लावून बोटभर हवा ठेवायची. पूर्वी टोकाला डांबर फासत. बाजूंना ते ठीक, पण आडव्या छेदावर फासलं तर आतली ओल आतच अडकते. पन्हाळ फूटभर लांब केली, सांधा चुन्यात बसवला. किलचणावर प्लास्टिकचा कागद घालायचा आग्रह घरच्यांचा होता. तो फाटला की पाणी एका जागी साचतं आणि वरून काही दिसत नाही, त्यामुळं तो घातला नाही. पांढरी माती चाळून, पन्हाळीकडं उतार देऊन पातळ थर टाकला.

भुंगेऱ्यांचं वेगळं

गोठ्याच्या बांबूंतून आणि एका नव्या दरवाजातून पीठ पडत होतं. जमिनीत औषध भरून त्याला काहीच होत नाही. लिक्टस लाकडातल्या पिष्टावर जगतो आणि रंग न दिलेल्या लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालतो. दरवाजाचा पांढुरका भाग असलेली एकच फळी लागलेली होती. ती बदलली आणि बाकी फळ्यांना दोन्ही बाजूंनी, वरच्या-खालच्या कडांसकट बोरॅक्सचं द्रावण आणि वाळल्यावर वॉर्निश दिलं. कडा सोडल्या की अंडी तिथूनच जातात. नुसतं वॉर्निश आधी मारू नये: आतली अळी आपलं काम पूर्ण करते आणि वॉर्निश फोडून बाहेर येते.

पीठ पडतंय म्हणजे कीड चालूच आहे असंही नाही. जुन्या भोकांतलं पीठ दार आपटलं की पडतं. खाली काळा कागद चिकटवून, दार न हलवता आठवडाभर बघितलं की खरं कळतं.

गोठ्याचे जुने बांबू काढून टाकले. नवे पावसाळा संपल्यावर तोडलेले घेतले, चिरून त्याच ५ टक्के द्रावणात साधारण आठवडाभर बुडवले आणि सावलीत उभे करून वाळवले. द्रावणाची सोय नसेल तर ताजे बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली ठेवायची जुनी रीत चांगली आहे. पिष्ट धुऊन जातं आणि भुंगेऱ्याला खायला उरत नाही. वाळवीवर मात्र तिचा काही उपाय नाही, त्यामुळं मेढीचा (गोठ्याच्या खांबाचा) पाय जमिनीत न गाडता दगडावर घेतला.

नंतरची पाहणी

इमिडाक्लोप्रिडनं दुसऱ्याच दिवशी मेलेल्या वाळवीचा खच पडत नाही. काही आठवडे नळ्यांत हालचाल दिसू शकते. खडूच्या खुणा पंधरा दिवसांनी, महिन्याभरानं, आणि पुढं मृगाआधी व दसऱ्यानंतर बघायच्या. नळ्या कोरड्या पडल्या की मगच खरवडायच्या, म्हणजे पुढं नवी नळी आली तर लगेच ओळखू येते. सगळ्यांना पाठ करून घ्यायला लावले ते दोनच नियम: पोत्यांची थप्पी आणि सरपण भिंतीपासून हातभर लांब, आणि पायाजवळची उपचार केलेली माती वाफ्यासाठी उकरायची नाही. तुळशीचा वाफा चौकात मधे ठीक. जोत्याला लागून नको.

नवी नळी निघालीच तर अख्खं घर पुन्हा भरायचं नाही. नळी जिथून जमिनीतून वर येते, तिथून दोन्ही बाजूंना मीटर-मीटर लांबीत भोकं पाडून तेवढाच तुकडा पुन्हा द्यायचा. नळी जमिनीपासून न निघता भिंतीच्या वरच्या भागातच, कडीपाशी सुरू होत असेल, तर औषधाची बाटली बाजूला ठेवून माळवदावर चढायचं आणि त्या जागेवरची माती हातात घेऊन ओली आहे का ते बघायचं.